समुद्रातील राखीव कुरण

वाचकहो, समुद्र आटत नाही, मग मासळी तरी कशी आटेल, असे मानण्याची चाल जगात फार जुनी आहे. ती केवळ अडाणी माणसांची समजूत होती असेही नाही. १८८३ साली लंडनमध्ये मासेमारीचे एक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे टॉमस हक्स्ली या नामांकित जीवशास्त्रज्ञाचे भाषण झाले. डार्विनच्या बाजूने हिरिरीने वाद घालणारा हा पंडित. पण त्यानेही सांगितले की, मासेमारीच्या आजच्या पद्धती पाहता कॉड, हेरिंग यांसारखी मोठ्या समुद्रातील मासळी माणसाच्या हातून संपणे शक्य दिसत नाही. ते वाक्य शिडाच्या होड्यांच्या जमान्यातले होते. पुढे यंत्राच्या बोटी आल्या, नायलॉनची जाळी आली आणि समुद्र कितीही मोठा असला तरी त्यातली मासळी मोजकीच आहे, हे हळूहळू जगाच्या ध्यानात येऊ लागले.

पण ध्यानात येणे वेगळे आणि सिद्ध करून दाखवणे वेगळे. शेतकऱ्याला आपले पीक डोळ्यांसमोर दिसते. गुराख्याला कुरण उघडे पडले की समजते. कोळ्याचे शेत मात्र पाण्याखाली असते. जाळ्यात मासे कमी आले तर तो म्हणणार, “यंदा वारं बरोबर नाही,” किंवा “मासा दुसरीकडं सरकला.” त्याचे म्हणणे खोटे कसे ठरवायचे? आणि मासेमारी थांबवली तर मासे खरोखर वाढतात, इतकेच नव्हे तर ते पुन्हा कोळ्याच्याच होडीत येतात, हे दाखवायचे कसे?

हे काम ज्या माणसाने आयुष्यभर केले, त्याची आणि त्याच्या दोन लहानशा बेटांची हकीकत आज आपल्यापुढे मांडायची आहे. तो माणूस म्हणजे फिलिपाइन्सचे सागरशास्त्रज्ञ डॉ. एंजेल अल्काला. ती बेटे म्हणजे सुमिलोन आणि आपो.

आधी प्रवाळखडक म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पोवळ्याचा किडा दिसायला अगदी क्षुद्र. पण असे लक्षावधी किडे एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. एक पिढी मरते, तिच्या घरावर दुसरी पिढी घर बांधते. असे करता करता हजारो वर्षांत समुद्राच्या पोटात डोंगरासारखे खडक उभे राहतात. त्या खडकांच्या फटींत, कपारींत, गुहांत शेकडो जातींचे मासे राहतात. पोपट मासा आपल्या चोचीसारख्या दातांनी खडक खरवडून त्यावरचे शेवाळ खातो. पोटात गेलेल्या चुनखडीचे पीठ करून तो ते बाहेर टाकतो. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवरची कितीतरी पांढरी वाळू अशा रीतीने तयार झालेली आहे! शेपटीच्या बुडाशी चाकूसारखे पाते बाळगणारा दुसरा एक मासा आहे. त्याला इंग्रज लोक शल्यवैद्य म्हणतात. तो गुरांप्रमाणे कळपाने फिरून शेवाळ चरतो. हे चरणारे मासे नसतील तर शेवाळ माजते, पोवळ्याला उजेड मिळत नाही आणि नव्या पोवळ्याला रुजायला जागा राहत नाही. या सर्वांवर हेकरू, तांबोशी यांसारखे मोठे शिकारी मासे असतात. म्हणजे हे एक गावच आहे म्हणा ना. तिथे गवंडी आहेत, झाडूवाले आहेत, गुराखी आहेत आणि राखणदारही आहेत.

आता या गावची एक अडचण ऐका. मोठा हेकरू सावकाश वाढतो आणि पुष्कळ वर्षे जगतो. हेकरूच्या अनेक जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे मोठे मासे वेचून मारले की नरांचीच टंचाई पडते. मादीचेही तसेच आहे. मासा दुप्पट लांब झाला की त्याची अंडी दुप्पट होतात असे नाही, ती कित्येक पटींनी वाढतात. अमेरिकेच्या समुद्रातील तांबोशीच्या एका जातीचा हिशेब प्रसिद्ध आहे. ६१ सेंटिमीटर लांबीची एक मादी जितकी अंडी देते, तितकी अंडी द्यायला ४२ सेंटिमीटरच्या २१२ माद्या लागतात. आणि बाजारात भाव कोणाला? मोठ्या माशाला! तेव्हा ज्या माशाच्या पोटात उद्याची मासळी साठवलेली असते, तोच आपण आधी गळाला लावतो.

फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. भात आणि मासळी हा तेथील सामान्य माणसाचा आहार. आपल्या कोकणी माणसाला हे वेगळे सांगायला नको. प्रवाळांची आणि प्रवाळखडकांवरील माशांची सर्वांत जास्त विविधता ज्या समुद्रात आहे, त्यातच हा देश वसलेला आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मासेमारीच्या काही भयंकर पद्धती बोकाळल्या. युद्धात मागे उरलेल्या दारूगोळ्यातून सुरुंग बनवून ते पाण्यात फेकायचे, म्हणजे क्षणात शेकडो मासे मरून तरंगू लागत. मासे मेलेच, पण ज्या खडकात ते राहत तोही फुटून त्याची खडी होई. दुसरी पद्धत ‘मुरो-आमी’ नावाची. ती जपानी मच्छिमारांकडून तेथे आली. पोहणाऱ्यांची एक लांब रांग पाण्यात उतरे. प्रत्येकाच्या हाती दोर आणि दोराला दगड बांधलेला. ते दगड खडकावर आपटत आपटत माशांना हाकून जाळ्याकडे न्यायचे. या कामाला कोवळी मुलेही लावली जात. या पद्धतीवर फिलिपाइन्स सरकारने १९८६ साली बंदी घातली. तिसरी पद्धत सायनाइड विषाची. शोभेचे मासे जिवंत पकडून परदेशी पाठवण्यासाठी ते विष कपारींत सोडत. मासा गुंगतो आणि हाती लागतो, पण त्याचे घर असलेले पोवळे मरते.

अशा देशात १९२९ साली नेग्रोस बेटावर एंजेल अल्काला यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील मत्स्यतळ्यांवर काम करीत, म्हणून पाण्याशी आणि पाण्यातल्या जीवांशी मुलाची ओळख पुस्तकाआधी झाली. पुढे दुमागेते या गावी सिलिमन विद्यापीठात त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. हे विद्यापीठ १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या शाळेतून वाढले. नंतर ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि तेथून डॉक्टर होऊन परत आले. गंमत अशी की, त्यांचा पहिला विषय मासे हा नव्हताच! बेडूक, सरडे, साप हा त्यांचा विषय होता. फिलिपाइन्समधील या प्राण्यांचा त्यांनी इतका बारीक अभ्यास केला की, त्या क्षेत्रातही त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पण दुमागेते हे समुद्रकाठचे गाव. समोर खडक उद्ध्वस्त होताना दिसत होते. अमेरिकेत राहून बेडकांवर निबंध लिहीत सुखाने दिवस काढता आले असते. त्याऐवजी हा माणूस आपल्या गावी परतला आणि त्याने सागरी प्रयोगशाळेचे काम अंगावर घेतले.

१९७४ साली सुमिलोनचा प्रयोग सुरू झाला. सेबू बेटाच्या दक्षिण टोकाजवळ सुमिलोन नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्याच्याभोवती प्रवाळखडकाची झालर आहे. अल्काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक शासनाशी बोलणी करून त्या खडकाचा पश्चिमेकडील सुमारे पाव भाग राखीव ठेवला. तेथे गळ टाकायचा नाही, जाळे लावायचे नाही, सापळा ठेवायचा नाही. बाकीच्या तीन भागांत खुशाल मासेमारी करा! एवढीच अट.

वरवर पाहता किती साधी गोष्ट! पण कोळ्याच्या बाजूने विचार करा. आज ज्याच्या ताटात मासा नाही, त्याला तुम्ही सांगता की समुद्राचा चौथा भाग सोडून दे. कशासाठी? तर पुढे कधीतरी फायदा होईल म्हणून. तो विचारणारच, “साहेब, तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. माझी पोरं आज काय खाणार?” या प्रश्नाला शास्त्राच्या पुस्तकात तयार उत्तर नव्हते. अल्काला यांच्याजवळही ते नव्हते. त्यांच्याजवळ एक अंदाज होता. तो खरा की खोटा हे बघायला वर्षे द्यावी लागणार होती.

त्यांची रीत होती मोजण्याची. बेटावर जे मच्छिमार येत, त्यांची मासळी वजन करून लिहून ठेवायची. कोणती जात, किती वजन, गळाने की जाळ्याने की सापळ्याने, किती वेळ घालवून. १९८३ पासून ऑस्ट्रेलियातील गॅरी रस हे शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर काम करू लागले. ही जोडी पुढे कित्येक वर्षे टिकली. पाण्यात बुडी मारायची, खडकाची ठरावीक लांबीरुंदी आखायची आणि तेवढ्या जागेत दिसेल तो मासा जातवार, आकारवार पाटीवर टिपायचा. राखीव भागात मोजायचे आणि खुल्या भागातही मोजायचे. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे, त्याच जागी, त्याच पद्धतीने. यात शौर्य नाही, चमत्कार नाही. आहे ती फक्त चिकाटी. पण वाण्याच्या दुकानातली वही असो की शास्त्राची, खरा हिशेब असाच उभा राहतो.

दहा वर्षे राखण झाली. राखीव भागात मासे वाढले, आणि बाजूच्या खुल्या भागातली मासळीही भरघोस राहिली. तरी शंकेखोर म्हणू शकत होता की, तो भाग मुळातच चांगला असेल, तुमच्या राखणीने काय झाले? आणि इथेच इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. १९८४ साली स्थानिक राजकारण बदलले. राखीव क्षेत्राला असलेला आधार सुटला. लोक आत शिरले, गळ आले, जाळी आली, मुरो-आमीचे दगडही आले. दहा वर्षे जपलेले पाहता पाहता लुटले गेले.

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. अल्काला यांना दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? पण त्यांनी आणि रस यांनी वही मिटली नाही. ते मोजतच राहिले. आणि त्या मोजणीतून जे निघाले ते सुखाने चाललेल्या प्रयोगातून कधीच निघाले नसते. जरा विचार करा. आता कोळ्यांना खडकाचा चौथा भाग जास्तीचा मिळाला होता. पूर्वी तीन भागांत मासेमारी होत होती, आता चारही भागांत. मग मासळी वाढायला हवी, नाही का? निदान होती तेवढी तरी राहायला हवी. पण झाले उलटे! दीड-दोन वर्षांत एकूण मासळी जवळजवळ निम्म्यावर आली. गळ टाकणारा, जाळे लावणारा, सापळा ठेवणारा, प्रत्येकाच्या दिवसाच्या श्रमाला मिळणारे फळ घटले. गळ आणि जाळे वापरणारांचे तर निम्म्याहून अधिक घटले.

याचा अर्थ एकच. तो राखीव चौथा भाग पडीक नव्हता. तोच बाकीच्या तीन भागांना मासे पुरवीत होता. आत मासे दाट झाले की ते हळूहळू हद्दीबाहेर सरकत आणि कोळ्याच्या हाती लागत. कुंपणाच्या आत पोसलेले आंब्याचे झाड शेजारच्या वाटेवर फळे टाकते, तसे हे होते. झाड तोडले, तेव्हा वाट कशामुळे गोड होती ते कळले. अल्काला आणि रस यांनी हा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध केला. राखीव क्षेत्राचा कोळ्याला प्रत्यक्ष फायदा होतो की नाही, या वादात तो पुरावा जगभर दाखवला जाऊ लागला.

आता दुसरे बेट. आपो हे बेट नेग्रोसच्या आग्नेय किनाऱ्यासमोर आहे. सुमिलोनवर कायमची वस्ती नव्हती. कोळी सेबूच्या किनाऱ्यावरून येत आणि परत जात. आपोवर मात्र कोळ्यांचे गाव होते. म्हातारेकोतारे, बायकामुले, सारे त्या बेटावरच. सिलिमन विद्यापीठाच्या मंडळींनी येथे हुकूम काढला नाही. ते गावात जाऊन बसले, बोलले, समुद्राविषयी काय माहीत आहे ते सांगितले आणि लोकांना काय माहीत आहे ते ऐकून घेतले. सुमिलोनच्या राखीव भागात काय दिसते तेही आपोच्या लोकांना दाखवले. १९८२ साली सुमारे ४५० मीटर लांबीचा खडक राखीव ठरला. बेटाच्या एकूण मासेमारीच्या जागेचा तो दहावा हिस्सा असेल. आरंभी मोजकीच कुटुंबे राजी झाली. बाकीच्यांची समजूत पटायला तीन वर्षे गेली. १९८५ मध्ये दाउइन या नगरपालिकेच्या ठरावाने त्याला कायद्याचा आधार मिळाला.

आणि राखण कोणी केली? गावानेच. राखीव जागा किनाऱ्यावरून दिसणारी. तिकडे परकी होडी वळली की कोणी ना कोणी हाक मारणारच. तेथील भाषेत अशा स्वयंसेवक पहारेकऱ्यांना ‘बंताय दागात’ म्हणतात, म्हणजे समुद्राचे राखणदार. सुरुंग, विष, मुरो-आमी यांना बेटाच्या सगळ्याच पाण्यात मज्जाव झाला. सुमिलोनची राखण कागदावरच्या सहीने होत होती, म्हणून सही बदलताच ती संपली. आपोची राखण माणसांच्या डोळ्यांनी होत होती. दोन बेटांतला हा फरक अल्काला यांनी मनाशी पक्का बांधला, आणि मला वाटते, त्यांच्या साऱ्या संशोधनात याहून मोठा शोध दुसरा नसेल.

आपोचे आकडेही सांगतो. चरणारे शल्यवैद्य मासे आणि जॅक जातीचे चपळ शिकारी मासे, या दोन घराण्यांचा राखीव भागातील एकूण भार अठरा वर्षांत तिप्पट झाला. बाहेरच्या बाजूलाही हेच मासे वाढले. कोठे? तर हद्दीला लागून असलेल्या दोन-अडीचशे मीटरांत, जसे आतून सांडत आल्यासारखे. गळ टाकणाऱ्या कोळ्याला याच माशांची तासाला मिळणारी मासळी पूर्वीपेक्षा सुमारे दीडपट झाली. म्हणजे आधी दिवसभर दर्यात घालवून जे मिळे, ते आता लवकर मिळू लागले. उरलेला वेळ त्याचा स्वतःचा!

पण थांबा. या गोष्टीत घाई करणाऱ्याला फळ नाही. अल्काला आणि रस यांना दिसले की, हेकरू-तांबोशीसारखे मोठे शिकारी मासे राखीव भागात अतिशय सावकाश वाढतात. वर्षाला थोडे, पुढच्या वर्षी आणखी थोडे. त्यांची संख्या पूर्ववत व्हायला पंधरा ते चाळीस वर्षे लागतील असा त्यांनी हिशेब मांडला. आणि एकदा राखण सुटली की? एक-दोन वर्षांत सारे साफ! सुमिलोनवर हे दोनदा घडले. १९८७ मध्ये पुन्हा राखण बसली, मासे पुन्हा वाढू लागले आणि १९९२ मध्ये पुन्हा मासेमारी सुरू झाली. आपल्या घरात नाही का, आजीने पै पै साठवलेले एका लग्नात उडते? समुद्राच्या पेढीचा कारभारही तसाच. भरायला एक पिढी, काढायला एक हंगाम.

या कामाचा देशाच्या कारभारावर काय परिणाम झाला? १९९१ साली फिलिपाइन्समध्ये स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा झाला. किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटरपर्यंतचे पाणी त्या त्या नगरपालिकेच्या ताब्यात आले. मग आपोचा कित्ता गावोगाव गिरवला जाऊ लागला. १९९८ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने राखीव क्षेत्रांना आणखी आधार दिला. आज त्या देशात लहानमोठी मिळून हजारावर राखीव क्षेत्रे आहेत. त्यातली बहुतेक इवलीशी आहेत, गावाच्या आकाराची. १९९२ मध्ये अल्काला यांना रेमॉन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा तोच पुरस्कार, जो १९५८ साली पहिल्याच वर्षी आपल्या विनोबांना मिळाला होता. विनोबा गावोगाव पायी फिरून जमीन मागत होते. अल्काला गावोगाव फिरून समुद्राचा एक तुकडा मागत होते. दोघांनीही बळ वापरले नाही, समजूत घातली. त्याच १९९२ साली अल्काला आपल्या देशाचे पर्यावरणमंत्री झाले आणि १९९५ पर्यंत त्या पदावर होते. २०१४ साली त्यांना ‘राष्ट्रीय शास्त्रज्ञ’ हा तेथील सर्वोच्च मान मिळाला.

इतके ऐकून कोणाला वाटेल की प्रश्न सुटला. तसे समजणे बरोबर होणार नाही. हजार राखीव क्षेत्रांपैकी कितीतरी नुसती कागदावर आहेत. पाटी लावली, फोटो काढला, पहारा कोणी नाही, अशी अवस्था. दुसरे असे की, जिथे मासे दाट झाले तिथे ते बघायला बुडी मारणारे प्रवासी येऊ लागले. पैसा आला, आणि पैशाबरोबर वादही आले. त्या पैशाचा वाटा कोळ्याला किती, सरकारला किती, हॉटेलवाल्याला किती? आपोचे पाणी १९९४ साली राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले, तेव्हा निर्णयाची दोरी गावाच्या हातून निसटून मंडळाच्या हाती गेली, ही तक्रारही तेथे झाली. जे गावाने जपले ते गावाला विचारून चालवायचे की नाही, हा प्रश्न शास्त्राचा नाही, न्यायाचा आहे.

आणि काही संकटे अशी आहेत की त्यांच्यापुढे पहारेकऱ्याचे काही चालत नाही. २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरांत लागोपाठ दोन वादळे आली आणि आपोच्या राखीव भागातील प्रवाळ त्यांनी अक्षरशः झोडपून काढले. तीस वर्षे जपलेला खडक ढिगारा होऊन पडला. शिवाय समुद्राचे पाणी तापले की पोवळी पांढरी पडून मरतात. तो ताप होडीतल्या गरीब कोळ्याने आणलेला नाही, पण सोसायचा त्यालाच. तेव्हा राखीव क्षेत्र म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. त्याचा उपयोग एवढाच की, जिथे मासे दाट आहेत, चरणारे कळप शाबूत आहेत, तिथे जखमी खडकाला पुन्हा उभे राहण्याची संधी अधिक मिळते. आणि सारी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, एकच मोठे राखीव क्षेत्र करून न थांबता ठिकठिकाणी करावीत, हेही त्या वादळांनी शिकवले.

ही सारी कल्पना नवी आहे का? पूर्णपणे नाही. पॅसिफिक महासागरातील पलाऊ बेटांवर गावचा प्रमुख खडकाचा एखादा भाग काही काळ बंद ठेवी, आणि तेथे कोणी गळ टाकीत नसे. रॉबर्ट योहान्स नावाचे सागरशास्त्रज्ञ तेथील वृद्ध कोळ्यांपाशी बसून शिकले. कोणता मासा चंद्राच्या कोणत्या तिथीला कोठे अंडी घालायला जमतो, याचे त्या कोळ्यांचे ज्ञान पाहून ते थक्क झाले. १९८१ साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडचा कोळीही पावसाळ्यात होडी ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच ती पाण्यात लोटतो. खवळलेल्या समुद्राचे भय हे त्याचे एक कारण खरेच, पण त्या अवधीत मासळीला उसंत मिळते हेही तितकेच खरे. आपली चाल काळ राखण्याची. अल्काला यांनी जागा राखून दाखवली.

आपल्या मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपोच्या राखणीचीच ही वर्षे. पण मालवणच्या मच्छिमारांनी त्याला विरोध केला, कारण आपल्या पोटावर पाय येईल ही धास्ती. ती धास्ती चुकीची म्हणून सोडून देणे सोपे आहे. सुमिलोन आणि आपो यांची हकीकत मात्र सांगते की, त्या धास्तीपाशीच काम सुरू होते. हद्द कोठे आखायची, ती कोण आखणार, राखण कोण करणार आणि मधल्या वर्षांत त्या घरातली चूल कशी पेटणार, हे आधी ठरले पाहिजे. मासे मोजणे त्यानंतरचे.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी डॉ. अल्काला यांचे निधन झाले. त्यांनी दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक म्हणजे कित्येक वर्षांचा, चिकाटीने लिहिलेला हिशेब. समुद्रातील एक कोपरा सोडला तर बाकीचा समुद्र अधिक देतो, हे त्या हिशेबाने अंदाजातून पुराव्यात आणले. दुसरी गोष्ट म्हणजे तो हिशेब कोणापाशी ठेवायचा याची जाण. शास्त्रज्ञ मोजू शकतो, सरकार कायदा करू शकते. पण रात्रीच्या वेळी राखीव पाण्याकडे वळणारी होडी दिसली, तर तिला हाक मारायला किनाऱ्यावर जागा असतो तो तिथला कोळीच. त्याला ते पाणी आपले वाटले तर तो हाक मारील. नाही वाटले, तर तो कूस बदलून झोपी जाईल, आणि त्यात त्याची चूक आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?